माझ्या पोटात शेजाऱ्याची मोटर

मित्रांनो, आमच्या वर्धा जिल्ह्यात उन्हाळ्याच्या दिवसांत कोणत्याही गल्लीतून चालत गेलात, तर खिडक्यांबाहेर लोखंडी घडवंचीवर ठेवलेले पत्र्याचे मोठे डबे तुम्हाला दिसतील. त्यांच्या तीन बाजूंना गवताच्या ताट्या असतात, पोटात पाणी असतं, आणि ते दिवसभर घरघरत असतात. मी त्यातलाच एक. हिरव्या रंगाचा कूलर. आता बराच जुना झालो आहे.

माझा स्वभाव आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे तुम्हाला नवल वाटणार नाही. दुसऱ्याचं बरं झालेलं मला पाहवत नाही. काम गार हवा देण्याचं, पण आतून मी सारखा जळत असतो.

माझा जन्म कारंजा घाडगे येथे हायवेच्या कडेला झाला. नागपूरहून अमरावतीकडे जाणारे ट्रक जिथे थांबतात, तिथे प्रभाकररावांचं वेल्डिंगचं दुकान होतं. वर्षभर ते ट्रकचे फाळके आणि शेताची फाटकं जोडायचे. होळी जवळ आली की मात्र बाकी सगळी कामं बाजूला सारून कूलर बनवायचे. त्यांनी माझा पत्रा कापला, वाकवला, जोडला. टाकी गळू नये आणि गंजू नये म्हणून आतून डांबर फासलं. मग मोटर बसवली, पंखा लावला आणि मला रस्त्याच्या कडेला विकायला उभं केलं.

मला घ्यायला एक नवरा-बायको आले. नवीनच लग्न झालेलं होतं. नवऱ्याचं नाव कृष्णकांत. ते ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये हिशेब लिहायचे. बायकोचं नाव इला. इलाबाईंनी माझ्या टाकीवर बोटांनी टकटक केलं.

"किती दिवस टिकेल हा?" त्यांनी विचारलं.

"बाई, तुमच्या पोराच्या लग्नात मांडवात लावजा याले," प्रभाकरराव म्हणाले.

इलाबाई लाजल्या. पुढे त्यांना मूल झालं नाही. मी मात्र टिकलो.

माझी जागा मागच्या खोलीच्या खिडकीला होती. तोंड घरात आणि पाठ गल्लीत. त्यामुळे घरातलं बोलणं मला समोरून ऐकू यायचं आणि गल्लीतलं मागून. कृष्णकांत मला आणणारे, पण मला जपलं ते इलाबाईंनी. पाडव्याच्या आधी त्या मला गच्चीवरून खाली उतरवून घ्यायच्या. गंज कागदाने घासायच्या, रंग द्यायच्या, ताट्यांमध्ये नवीन गवत भरायच्या. पहिल्यांदा पाणी सोडलं की त्या ओल्या गवताचा वास खोलीभर पसरायचा. त्या माझ्यासमोर उभ्या राहायच्या, डोळे मिटायच्या आणि म्हणायच्या, "आता येऊ दे ऊन." पावसाळा लागला की टाकीतलं पाणी काढून, फडक्याने आतून कोरडी करून मला गच्चीवर ठेवायच्या. पाणी साचून राहिलं तर लोखंड सडतं, हे त्यांना कोणी शिकवावं लागलं नाही.

ती माझी चांगली वर्षं होती. दुपारी गल्लीतल्या बायका गहू निवडायला आमच्या खोलीत येऊन बसायच्या. "इलाबाईच्या कूलरची सर कोणाले नाई," असं म्हणायच्या. मला ते ऐकायला फार आवडायचं.

समोर, गल्लीच्या पलीकडे, रोशनचं टिनाच्या छपराचं घर होतं. रोशन ऑटो चालवायचा. त्याच्या घरात एक टेबलफॅन होता आणि तो गरम हवाच इकडून तिकडे फिरवायचा. रोशनकडे कूलर नाही याचं मला वाईट वाटायला हवं होतं. खरं सांगायचं तर मला ते बरं वाटायचं.

मग कोरोनाच्या दुसऱ्या वर्षीचा उन्हाळा आला.

त्या वर्षी इलाबाईंच्या पोटाचं ऑपरेशन झालं होतं. साठवलेलं सगळं त्यातच गेलं. डॉक्टरांनी घरी पाठवताना सांगितलं होतं की यांना उन्हाची झळ लागू देऊ नका, अंगात ताकद नाही, गार खोलीत ठेवा. त्यांचा पलंग माझ्या अगदी समोर आणून ठेवला. म्हणजे त्या उन्हाळ्यात माझ्याकडे एकच काम होतं. या बाईला उन्हाळा पार करून द्यायचा.

आणि नेमकी माझी मोटर जळाली. विजेचा दाब कमी-जास्त होत होता. एका दुपारी पोटातून धूर निघाला, जळका वास आला आणि पंखा थांबला तो थांबलाच.

बाजार बंद होता. अंकुश नावाचा मिस्त्री घरामागे चोरून कामं करायचा, पण नवीन मोटर त्याच्याकडे उधारीवर मिळत नव्हती. कृष्णकांतांच्या हातात रोकड नव्हती. शोरूमवाले त्यांचा वर्षभराचा कर फेब्रुवारी आणि मार्चच्या पगारातून एकदम कापून घ्यायचे. दरवर्षी ते दोन महिने घरात तेलसुद्धा जपून वापरलं जायचं. या वर्षी ते दोन महिने संपले आणि टाळेबंदी लागली. शोरूम बंद झालं, पगार अर्धा झाला. त्यांचं रेशनकार्ड पांढरं, त्यामुळे त्यावर धान्य मिळत नव्हतं. कृष्णकांत दिवसभर ओलं फडकं खिडकीला बांधायचे. ते बघता बघता वाळायचं. मग पुन्हा भिजवायचे.

अशातच एका सकाळी गल्लीतून रोशनचा आवाज आला. "अवो काजल! मदत आली, मदत! मोबाइलवर मेसेज आला पाय."

काजल ही त्याची बायको. कडेवर तान्ही मुलगी घेऊन ती बाहेर आली. टाळेबंदीत ऑटो बंद, म्हणून सरकारने परवानावाल्या ऑटोचालकांच्या खात्यात मदत टाकली होती. बातमी गल्लीभर झाली. कृष्णकांत दोन्ही हात खिडकीवर टेकवून ऐकत होते. त्यांचा चेहरा मला जवळून दिसत होता.

"पाहिलं का?" ते इलाबाईंना म्हणाले. "माझ्या मार्चच्या पगारातून गेलं, ते तिकडे पोचलं."

"त्याचा ऑटो उभा आहे ना हो," इलाबाई म्हणाल्या.

"माझं शोरूम काय धावून राह्यलं? मले कोणी विचारलं? सरकारले माझं घर फक्त कर घेताना सापडते."

मित्रांनो, मला त्यांचं म्हणणं शंभर टक्के पटलं. आजही ते खोटं होतं असं मी म्हणणार नाही. जो माणूस इतकी वर्षं निमूटपणे देत आला, त्याच्यावर वेळ आली तर त्याला कोणीच विचारू नये, हे मला बरोबर वाटत नव्हतं.

त्याच आठवड्यात रोशन ऑटोत घालून एक कूलर घेऊन आला. पांढरा, प्लॅस्टिकचा, खाली चाकं असलेला. हायवेवरचा एक ढाबा बंद पडला होता आणि मालक सामान विकत होता. रेशनचं धान्य घरात आलं होतं, तेव्हा मदतीचे पैसे रोशनने कूलरला घातले. टिनाखाली त्याच्या मुलीचं अंग घामोळ्यांनी लाल झालं होतं.

ते पांढरं ध्यान ऑटोतून उतरताना पाहून माझ्या पत्र्याचा जीव नुसता तापला. माझी मोटर जळून गेली होती, मी खिडकीला मढ्यासारखा उभा होतो, आणि त्याला चाकं होती! गल्लीतली पोरं त्याला ढकलून पाहत होती. "किती हलका आहे ना," काजल म्हणाली. मी कधीच हलका नव्हतो.

कृष्णकांतांनी खिडकीतून ऐकू जाईल असंच म्हटलं, "मदत पोटासाठी असते म्हणे. इथं तर हवा खाऊन राह्यले लोक."

रोशनने वर पाहिलं. "काकाजी, मले बोलले का?"

"हवेले बोललो."

"हवा आमच्याकडेच आहे आता," रोशन म्हणाला आणि हसला. कृष्णकांतांनी माझ्या शेजारचं खिडकीचं उघडं दार लावून घेतलं. इतक्या उन्हात, पलंगावर आजारी माणूस असताना.

दुसऱ्या दिवशी पहाटेच काजलचा आवाज चढलेला ऐकू आला. पांढऱ्या कूलरच्या टाकीला बुडाला तडा होता. ढाबेवाल्याने त्यावर मेण थापून विकला होता. रात्रीतून सगळं पाणी घरात झालं, अंथरूण भिजलं.

"पाणी टाकून नाई पाह्यलं काऊन?" काजल ओरडत होती. "चाकंच पाहून आले तुम्ही. चाकावर घर चालते म्हणून जे ते चाकावरच घेता काय?"

"पंखा चालवून पाह्यला ना वो म्या. मोटर तर पाय, विमानासारखी आहे."

"मग बसा विमानात."

कृष्णकांत गालात हसले. मी हसू शकलो असतो, तर माझ्या तिन्ही ताट्या गळून पडल्या असत्या. त्या सकाळी आम्ही दोघंही फार खूश होतो. इलाबाईंच्या अंगाला घाम सुटला होता आणि त्या एकटक माझ्याकडे पाहत होत्या.

दुपारी फार तापलं. इलाबाईंना पाणीसुद्धा पोटात ठरेना. त्या भिंतीला धरून उठल्या, माझ्या बाजूच्या फटीला तोंड लावलं आणि हाक मारली. आवाजात जोर नव्हता, तरी काजलला ऐकू गेला.

"काजल, मोटर चालते ना गं तुमची?"

"मोटर चालते काकू. पाणी थांबत नाई."

"आमच्या टाकीत पाणी थांबते. मोटर नाही."

मग रोशन म्हणाला, "अंकुशले आणतो."

कृष्णकांत मध्ये आले. "काही गरज नाही. त्याच्या मदतीची मोटर मी माझ्या कूलरमध्ये बसवू? पुढे गल्लीभर सांगत फिरेल."

इलाबाई पलंगावर बसल्या. त्यांना दम लागला होता. त्या म्हणाल्या, "तुम्हीच म्हणता ना, तो पैसा तुमच्या पगारातून गेला. मग घरी परत येत आहे, तर येऊ द्या."

कृष्णकांत खिडकीपाशी गेले, कडी काढली आणि म्हणाले, "रोशन, तोंडाला दुपट्टा बांधून येजो. हिच्या अंगात ताकद नाही."

अंकुशने माझी जळकी मोटर काढली. पांढऱ्या कूलरची मोटर माझ्या भोकात बसेना, तेव्हा त्याने लोखंडाची पट्टी ठोकून ती बसवली. रोशनने बादलीने पाणी भरलं. बटण दाबलं आणि मी पुन्हा घरघरलो. इलाबाईंच्या कपाळावरचे केस उडाले. त्यांनी डोळे मिटले.

आता तुम्हाला वाटेल, माझा हेवा तिथे संपला असेल. उलट वाढला. माझी टाकी, माझ्या ताट्या, माझं पाणी, आणि जो येईल तो म्हणायचा, "मोटर मस्त आहे हो!" माझ्या पोटात शेजाऱ्याची मोटर फिरत होती आणि कौतुक सगळं तिचं होत होतं.

काजल दुपारी मुलीला घेऊन आमच्या खोलीच्या दाराबाहेर बसू लागली. तोंडाला दुपट्टा, मुलगी मांडीवर झोपलेली. दारापर्यंत माझी हवा पोचायची. रोशन त्यापलीकडे पायरीवर बसायचा. आणि कृष्णकांत व तो रोज भांडायचे.

"तुझं एक बरं आहे," कृष्णकांत म्हणायचे. "गरीब म्हणून तुले मिळते. श्रीमंतांचं त्यांच्या जागी चालू राह्यते. मधात आम्ही. आम्ही देतच राहायचं."

"काकाजी, माचिस घेतो तर कर, साबण घेतो तर कर, डिझेलवर तर विचारूच नका. म्या काय फुकट राह्यतो या देशात?"

"पण माझा पगार अर्धा झाला, तेव्हा मले काय भेटलं?"

"अर्धा तर भेटला ना! माझा पूर्णच बंद होता. अर्ध्याले रडणारा माणूस म्या पहिल्यांदा पाह्यला."

"अर्ध्यावर तीच औषधं, तेच घरभाडं. आणि पुढल्या मार्चले पुन्हा कापणारच."

रोशन मान हलवायचा. "हे तुमचं खरं आहे," असं एकदा म्हणालासुद्धा. "तुमच्यासाठी पण काही पाह्यजे होतं. पण माझं काढून नोको."

"तुझं काढा असं कोण म्हणते?"

"तुमचं तोंड म्हणते काकाजी, रोज."

इलाबाई पलंगावरून हसायच्या. ऑपरेशननंतर त्या पहिल्यांदा हसल्या, त्या या भांडणावर. नवतपा, म्हणजे मे अखेरचे सगळ्यात तापणारे नऊ दिवस, आला आणि गेला. आकाशात ढग दिसू लागले तेव्हा त्या स्वतः उठून बसल्या, माझी टाकी कोरडी कशी करायची ते पलंगावरून सांगत राहिल्या, आणि कृष्णकांतांनी चुकीचं केलं म्हणून रागावल्या. उन्हाळा पार झाला होता. मी माझं काम केलं होतं. निदान अर्धं मी, अर्धं त्या मोटरने.

मित्रांनो, पुढचं मी थोडक्यात सांगतो. आजार परत आला. डिसेंबरच्या थंडीत, ज्या दिवसांत माझा काहीच उपयोग नसतो, इलाबाई गेल्या.

पाडवा आला. मला कोणी खाली उतरवलं नाही. ऊन वाढलं, तरी नाही. कृष्णकांत त्या खोलीत झोपायचे, पण माझी खिडकी त्यांनी रिकामीच ठेवली. मी गच्चीच्या कडेला पडून होतो. अवकाळी पावसाचं पाणी टाकीत साचलं होतं, ते कोणी काढलं नव्हतं. बुडाला गंज चढू लागला. पोटातली मोटरही तशीच पडून होती. ती रोशनची होती, पण तो मागायला येत नव्हता.

खिडकीत मी नव्हतो, त्यामुळे गल्लीतलं सगळं बोलणं थेट खोलीत जायचं. एका संध्याकाळी रोशन दारात जेवायला बसला होता. काजल त्याला वाढत होती.

"मोटर मागा ना काकाजीले, टाकीचा तडा बुजवून घेऊ," ती म्हणाली. "पोरगी पाहा, रात्रभर खाजवत राह्यते."

"नाई मागत."

"काऊन? आपलीच आहे. ते तर लावून पण नाई राह्यले."

"काकू त्या हवेत झोपत होत्या. कसा मागू? तूच सांग."

काजलने त्याच्या ताटातली भाजी चाखली. मग म्हणाली, "भाजीत मीठ कमी आहे, सांगत काऊन नाई? तसंच गिळता मुकाट्यानं."

"आहे बरोबर."

"नाई आहे बरोबर. आणा इकडे ताट."

कडेवरून मला खाली खिडकीचे गज दिसायचे. कृष्णकांतांनी दोन्ही हातांनी गज धरले होते. ते बराच वेळ तसेच उभे होते. रोशनच्या खात्यात मदत आली तेव्हाही ते असेच उभे होते, पण त्या वेळी त्यांचे हात असे घट्ट नव्हते. हेवा मला ओळखता येतो. त्यांना त्या मोटरचा हेवा वाटत नव्हता, कुठल्या पैशाचाही नाही. मीठ कमी आहे म्हणून रोशनचं ताट ओढून घेणारं कोणीतरी होतं, त्याचा वाटत होता. त्यावर कर भरून काही मिळत नाही आणि सरकारकडे मागताही येत नाही.

काजल ताट घेऊन आत गेली. तेव्हा कृष्णकांतांनी हाक मारली, "रोशन, जेवण झालं की गच्चीवर येजो. हे धूड एकट्यानं उतरत नाही."

"कुठं लावायचा काकाजी?"

"तुझ्या खिडकीले. मोटर तुझी आहे. टाकी मी देतो."

"टाकी नोको काकाजी. काकूची आहे."

"म्हणूनच देतो. ती असती तर मागच्याच महिन्यात देऊन मोकळी झाली असती, आणि मले वरून बोलली असती."

दोघांनी दोर लावून मला उतरवलं. कृष्णकांतांनी दुसऱ्या दिवशी गंज घासला, टाकीला आतून डांबर फासलं. हात सराईत नव्हते, त्यांच्या बनियनवरही डांबर लागलं. नवीन गवत भरताना ते मध्येच थांबले, ओंजळभर गवत नाकापाशी नेलं आणि मग भरून टाकलं.

तेव्हापासून मी गल्लीच्या या बाजूला आहे. आता माझं तोंड टिनाच्या घरात आहे आणि पाठ माझ्या जुन्या खिडकीकडे. मुलगी आता पळते. ती माझ्या जाळीला तोंड लावून "ऑऽऽ" करते आणि आपलाच थरथरता आवाज ऐकून हसते. तिच्या अंगावर घामोळ्या नाहीत. मला ते बरं वाटतं. काजल मात्र येणाऱ्या-जाणाऱ्याला अजून मोटरच दाखवते, आणि मी अजून जळतो. या वयात स्वभाव बदलत नाही.

कृष्णकांत पहिले काही दिवस आले नाहीत. मग एका दुपारी काजलने त्यांच्या दारावर थाप मारली. "काकाजी, यांच्याशी भांडाले कोणीच नाई. झोपून राह्यले नुसते. या ना." ते आले. माझ्यासमोरच्या खाटेवर बसले. गार हवा तोंडावर घेत होते. मग म्हणाले, "या मार्चले पुन्हा कापले माझे."

"सुरू झाले," रोशन उठून बसत म्हणाला. "काजल, चहा ठेव."

आता ते रोज दुपारी येतात. कोणाला काय मिळायला हवं होतं आणि कोणी काय भरलं, हा प्रश्न त्यांच्यात अजून सुटलेला नाही. कधी मला कृष्णकांतांचं पटतं, कधी रोशनचं. बहुतेक वेळा कृष्णकांतांचंच, कारण मी त्यांच्या घरचा आहे.

मित्रांनो, माझं तुमच्याकडे थोडंसंच मागणं आहे. उन्हाळा संपला की तुमच्या कूलरच्या टाकीत पाणी ठेवू नका. ती कोरडी करा, वर्षातून एकदा गंज घासा. एखादा भाग जळाला म्हणून आम्हाला भंगारात टाकू नका, बाकीचे भाग धड असतात. आणि घरात पडून राहिलो असू, तर ज्या घरात जास्त उकडतं आहे त्या घराच्या खिडकीला आम्हाला लावा. हक्क कोणाचा, हे भांडण गार हवेत बसूनही करता येतं.